बाविसावी चाल

ते पत्र मी शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात लपवले होते. पहिला खंड घरात कोणीही उघडत असे. दुसऱ्याला माझ्याशिवाय कोणी हात लावत नव्हते. पण त्या दिवशी वत्सला गोधडी टाचायला बसली, कापडाची कड सरकू नये म्हणून तिला काहीतरी जड हवे होते आणि तिने नेमका दुसरा खंड उचलला. मी छापखान्यातून दुपारी जेवायला घरी आलो तेव्हा गोधडी अर्धवट पसरलेली होती, खंड तिच्या एका कोपऱ्यावर होता आणि निळे अंतर्देशीय पत्र वत्सलेच्या मांडीवर होते.

"हे खामगावच्या बाईंचं," ती म्हणाली. "वैशाखातलं आहे."

मी हातपाय धुवायला मोरीत गेलो. जमेल तेवढा वेळ लावला. परत आलो तरी पत्र तिथेच होते.

"उत्तर पाठवलंत?"

"पाठवायचं आहे."

"अहो, घट बसले आज."

मी पानावर बसलो. तिने वाढले आणि भाताबरोबर एक पोस्टकार्डही ताटाशेजारी ठेवले. ते त्याच सकाळी आले होते. अक्षर ओळखायला मला चष्मा लागला नाही. इंदुमती उकिडवे यांचे अक्षर कित्त्यातल्यासारखे होते. प्रत्येक काना सरळ, जणू वर्गात उभा केलेला.

"सप्रेम नमस्कार. आपल्या उत्तराची वाट पाहते आहे. डाव मी आहे तसा कपाटावर मांडून ठेवला आहे. दिवाळीला मुलगा, सून व नातवंडे येतील, तेव्हा वसुबारसेच्या आदल्या दिवशी तो मला आवरावा लागेल. सोंगट्या एकदा डब्यात गेल्या की डाव संपला असे मी मानते. कळावे."

"दोन ओळी लिहायला तुमचं काय जातं, ते मला कळत नाही," वत्सला म्हणाली. "लोकांच्या हजार ओळी तपासता दिवसभर."

मी ताकभात खाल्ला आणि छापखान्यात परत गेलो.

या गोष्टीला आता चाळीसहून अधिक वर्षे झाली. मी तेव्हा बार्शीच्या एका छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम करीत असे. हँडबिले, लग्नपत्रिका, सहकारी संस्थांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका, जे येईल ते. मला फारसे बोलता येत नाही, चारचौघांत तर नाहीच. पण वाचता येत होते, आणि चुका सापडत होत्या. दुसऱ्यांच्या.

बुद्धिबळाचा नाद मला पुस्तकांतून लागला. वाचनालयात त्या विषयावरची सहा पुस्तके होती, ती सगळी मी वाचली होती, दोन तर उतरवून काढली होती. सुरुवातीच्या दहा चाली मी झोपेतही सांगितल्या असत्या. अकराव्या चालीला माझा घोडा फुकट जात असे. वाचनालयाच्या माडीवर संध्याकाळी पाचसहा जण खेळायला जमत. तिथे मी वीस-वीस मिनिटे विचार करायचो, सोंगटी उचलायचो, ठेवायचो, आणि बोटे सुटल्याक्षणी समोरच्याचा उंट मला पहिल्यांदा दिसायचा. तो आधीपासून तिथेच असायचा. मलाच दिसलेला नसायचा. देशमाने वकील तर मी जिना चढताना दिसलो की म्हणायचे, "या, दानशूर कर्ण. आज काय वाटणार, हत्ती की घोडा?" सगळे हसायचे. मीही हसायचो. घरी येऊन मात्र जेवण जात नसे. एकदा तर पट फळीवर टाकून महिनाभर त्याच्याकडे पाहिले नाही आणि मग पुन्हा निर्लज्जासारखा माडी चढलो. पाच वर्षे असे चालले. मी वाचत होतो, चुकत होतो, पुन्हा वाचत होतो, आणि चुका काही कमी होत नव्हत्या. शेवटी माडीवर जाणे बंद केले.

त्याच सुमारास एका मासिकाने पोस्टाने बुद्धिबळाची स्पर्धा जाहीर केली. दोघांनी आपापल्या घरी पट मांडायचा आणि कार्डावर चाली कळवायच्या. मला वाटले, हा खेळ माझ्यासाठीच काढला असावा. एका चालीला तीन दिवस. समोर कोणी नाही, हसणारे कोणी नाही. माझ्या वाट्याला खामगावच्या उकिडवे बाई आल्या. मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, वयाने माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठ्या. त्यांच्या सोंगट्या पांढऱ्या, माझ्या काळ्या. नियम असा होता की कार्डावर आधी समोरच्याची चाल उतरवायची, म्हणजे ती नीट पोचल्याची खात्री होते, आणि तिच्याखाली आपली लिहायची. वर एखादी ओळ खुशालीची. त्या लिहीत, "येथे थंडी बरीच आहे." मी लिही, "येथे बेताची आहे." पहिल्या कार्डांवर आपापले काम कळवले होते, तेवढे सोडता आठ महिन्यांत आमची ओळख एवढी झाली.

पण स्वभाव पोस्टाने बदलत नाही. कार्ड लिहून झाले की ते पाचच्या टपालाला गाठावे म्हणून मी जवळजवळ पळत जायचो. कार्ड लाल पेटीत पडल्याचा आवाज आला की लगेच छातीत धस्स व्हायचे: चुकले, परत काढायला हवे. दोनदा मी पेटीच्या तोंडात बोटे घालून पाहिली होती. एकदा पेटी उघडायला आलेल्या पोस्टमनकडे गयावया केली होती. त्याने नियम सांगितला, तोही जरा जास्तच सौम्यपणे.

बाविसाव्या चालीला मी जे केले, ते मात्र त्या सगळ्यांवर कडी करणारे होते.

कार्डाची वाट पाहण्याच्या दिवसांत मी त्यांची पुढची चाल ओळखून ठेवत असे. त्यांचा एक उंट चौथ्या घरात होता. तो त्या मागे घेतील याबद्दल मला शंका नव्हती. मी तो पटावर मागे, तिसऱ्या घरात, ठेवूनही दिला आणि त्यावरचे उत्तर तयार केले. कार्ड आले. त्यावर लिहिले होते की उंट पुढे, पाचव्या घरात गेला आहे. तिथून तो सरळ माझ्या वजिरावर रोखला होता. मी ती चाल माझ्या कार्डावर शब्दशः उतरवली, पाचवे घर, अगदी सुवाच्य अक्षरात, आणि तिच्याखाली आधीच ठरवलेली हत्तीची चाल लिहिली. वजीर होता तिथेच राहिला. पाचचे टपाल गाठले.

वैशाखातले ते निळे पत्र त्याचे उत्तर होते. ते मला आजही पाठ आहे.

"आपली बाविसावी चाल मिळाली. या चालीने आपला वजीर माझ्या उंटाच्या तोंडी राहतो. आपण माझी चाल बरोबर उतरवली आहे आणि उत्तर मात्र दुसऱ्याच चालीला दिले आहे. आपण मुद्रितशोधक आहात असे मागे लिहिले होते, म्हणून आश्चर्य वाटले. मला वजीर असा उचलून घेणे आवडत नाही. चाल बदलायची असल्यास कळवावे. बदलायची नसल्यास तसेही कळवावे, म्हणजे मी घेईन. आपले उत्तर येईपर्यंत मी माझी चाल करणार नाही."

यावर तीन उत्तरे शक्य होती. चाल बदलतो, असे लिहिणे म्हणजे दया घेणे. बदलत नाही, असे लिहिणे म्हणजे वजिराशिवाय दहा-बारा चाली फरफटत जाणे. हरलो, असे लिहिणे त्यातल्या त्यात सोपे होते. पण प्रत्येक उत्तरात मला ते एक वाक्य कबूल करावे लागत होते, मुद्रितशोधकाचे. त्यांनी ते खोचकपणे लिहिले नव्हते. खरेच आश्चर्य वाटले म्हणून लिहिले होते. तेच वाईट होते. मी पट तसाच उचलून कपाटाच्या माथ्यावर ठेवला, वर जुने उपरणे टाकले आणि पत्र शब्दकोशात घातले. पाच महिने पट मोडलाही नाही आणि पाहिलाही नाही.

आता वसुबारसेला साडेतीन आठवडे राहिले होते.

सहामाही परीक्षा जवळ आल्या की छापखान्यात श्वास घ्यायला फुरसत नसे. घट बसल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशीची गोष्ट. एका शाळेची इतिहासाची प्रश्नपत्रिका मी दोनदा तपासून, सही करून मशीनवर चढवायला दिली होती. थोड्या वेळाने इमामभाईंनी हाक मारली. इमाम तांबोळी आमचे सर्वांत जुने कंपोझिटर. चाळीस वर्षे खिळे जुळवण्यात गेलेली, बोटांची टोके शिशाने कायमची काळी. शाळा दुसरीपर्यंत.

"मास्तर, जरा हिकडं या. पोरांना चौथा प्रश्न कितीदा इचारायचा?"

मी गेलो. खिळ्यांचा मजकूर त्यांच्या पुढ्यात चौकटीत आवळलेला होता. त्यांनी काळे बोट ठेवले. चौथा प्रश्न होता, मग पुन्हा तोच चौथा प्रश्न होता, शब्दनशब्द, आणि मग एकदम सहावा. पाचवा नव्हताच. मी ते प्रूफ ओळ न ओळ वाचले होते. दोनदा. शेवटी माझी सही होती.

इमामभाईंनी आवाज चढवला नाही. मशीन अजून सुरू व्हायचे होते. त्यांनी मजकूर सोडवला, जास्तीच्या ओळी काढल्या, मूळ प्रतीतून पाचवा प्रश्न बघून जुळवायला घेतला. मी शेजारी उभा राहिलो. काहीतरी बोलायला हवे म्हणून विचारले की तुम्हाला हे दिसले कसे.

"मी वाचत न्हाई, म्हणून दिसलं," ते म्हणाले. "तुमाला इतिहास येतो. चौथ्यानंतर पाचवा असणारच, म्हणून तुमचं डोळं पाचवा वाचून मोकळं झालं. मला कुठला इतिहास? मी उलटं बघतो. खिळं उलटं, ओळ उलटी. उलट्या ओळीत मनानं काय घालता येत न्हाई, मास्तर. जे हाय तेवढंच दिसतं."

"म्हणजे जास्त येतं म्हणून चुकतो?"

"तसं कुठं म्हणलं. तुमी घाई करता एवढंच." त्यांनी एक खिळा चिमटीत धरून उजेडाकडे केला. "आनि एकदा चुकलं की तोंड फिरवता. चूक तिथंच असती की. ती कुठं पळून जाती? बघायची, काढायची, दुसरा खिळा घालायचा."

पाचवा प्रश्न बसला. त्यांनी पुन्हा सगळे आवळले आणि मला म्हणाले, या आता माझ्या बाजूनं उभं राहून बघा एकदा. मी त्यांच्या बाजूने उभा राहिलो. उलटी, आरशातली अक्षरे लावायला मला फार वेळ लागला. दुसऱ्या प्रश्नात एक गुणांचा आकडा चुकला होता, तोही सापडला. तो आम्हा दोघांच्याही नजरेतून निसटला होता. इमामभाई म्हणाले, "हे बघा. माझंबी चुकतं."

त्या संध्याकाळी घरी आलो आणि कपाटावरचा पट काढला. उपरण्यावरची धूळ वत्सलेने वेळोवेळी झटकली असावी. ते स्वच्छ होते. पट मी चटईवर ठेवला आणि नेहमीच्या जागी न बसता पलीकडे, पांढऱ्या सोंगट्यांच्या मागे बसलो.

सोंगट्या पुन्हा पहिल्यापासून मांडल्या. छापखान्यात एकजण मूळ प्रत वाचतो आणि दुसरा प्रूफ पाहतो, तसे करावे असे मनात आले. चालींची वही वत्सलेच्या हातात दिली आणि म्हटले, एकेक वाचत जा, मी करीत जातो. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवले. आमच्या लग्नाला सतरा वर्षे झाली होती आणि बुद्धिबळात मी तिची मदत पहिल्यांदाच मागत होतो.

"घोडा, उंट, प्यादं, हत्ती," तिसऱ्या पानावर ती म्हणाली. "सर्कस आहे नुसती." पण वाचत राहिली. एकविसावी चाल झाली. मग तिने बाईंची बाविसावी वाचली, उंट, पाचव्या घरात. मी उंट उचलला आणि ठेवला.

"मी पाचवं म्हटलं," वत्सला म्हणाली. "तुम्ही कुठं ठेवलात?"

मी पाहिले. मी तो पुन्हा तिसऱ्या घरात ठेवला होता. पाच महिन्यांनी, पत्र पाठ असताना, तिने स्पष्ट वाचले असताना, माझ्या हाताने तो उंट मागेच नेला होता. तिला बुद्धिबळातले काही कळत नव्हते. तिला फक्त पाचापर्यंत मोजता येत होते.

मला हसू आले. ते कसे आले ते सांगता येणार नाही, पण खूप हसलो. वत्सला आधी घाबरली, मग तीही हसायला लागली. मी उंट पुढे नेला, जिथे तो होता तिथे. मग काळा हत्ती माझ्या चुकीच्या चालीप्रमाणे ठेवला आणि पांढऱ्यांच्या मागून, बाईंच्या जागेवरून, पट पाहू लागलो.

वजीर जात होता. त्यात शंका नव्हती. पण वजीर घ्यायला उंटाने कोपऱ्यात जायचे म्हणजे पांढऱ्या राजापासून दूर जायचे, आणि मी घाईघाईने पाठवलेला तो हत्ती सरळ राजाच्या पुढच्या ओळीत येऊन बसला होता. त्याच्या जोडीला माझा एक घोडा होता, ज्याच्याकडे मी कित्येक दिवस पाहिलेच नव्हते. माझ्या बाजूने तो नेहमी पटाच्या कडेला अडकलेला, बिचारा दिसे. इकडून तो अंगावर आल्यासारखा दिसत होता. घोड्याने शह दिला की राजा बाजूला सरकणार, पुन्हा शह, पुन्हा राजा आधीच्या घरात. हे किती वेळ चालवता येईल? बहुधा कितीही, म्हणजे डाव बरोबरीत. निदान मला तरी त्यातून राजाला वाट दिसेना.

बाईंच्या जागेवर बसून मला माझ्याच सोंगट्यांची भीती वाटली. असे कधी झाले नव्हते.

तरीही मी लगेच कार्ड लिहिले नाही. माझा माझ्यावर विश्वास नव्हता, आणि तो एका संध्याकाळीत येणारही नव्हता. त्यानंतर रोज रात्रीच्या जेवणाआधी तासभर मी पुस्तकातले डाव पलीकडे बसून खेळलो. रोज काहीतरी चुकत होते. पण आता चूक झाली की पट उचलून ठेवायचा नाही, हे ठरवले होते. वहीत लिहायचे: कुठे चुकले आणि काय गृहीत धरले होते. चार-पाच दिवसांत लक्षात आले की चुका शंभर प्रकारच्या नव्हत्या. एकच होती. समोरच्याची चाल मी पाहतच नव्हतो. त्याच्या जागी माझ्या मनातली ठेवत होतो.

दसऱ्याला सोने द्यायला म्हणून वाचनालयात गेलो आणि न ठरवता माडीचा जिना चढलो. देशमाने वकील होते. दोन वर्षांनी मला पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"सोनं लुटायचा दिवस, आणि कर्ण आपण होऊन दारात!"

मी त्यांच्या हातावर आपट्याची पाने ठेवली आणि विचारले, एक डाव होईल का. झाला. प्रत्येक चालीआधी मी उठून त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहत होतो. दहाव्या वेळी ते मान वळवून म्हणाले, "मास्तर, मूळव्याध झालीय का? का माझ्या खिशात डोकावताय?" बाकीचे हसले. माझे कान तापले, नेहमीसारखेच. पण मी उभा राहिलो. त्यांच्या मागून दिसले की माझा हत्ती त्यांच्या घोड्याच्या टप्प्यात आहे. मी परत येऊन हत्ती काढून घेतला. दिवे लागले, घरी जायची वेळ झाली, तरी डाव चालूच होता. शेवटी मी हरलो, एका प्याद्याने. वकिलांनी रुमालाने कपाळ पुसले आणि पटाकडे बघत राहिले.

"आज काही दिलं नाहीत तुम्ही," ते म्हणाले.

"सोनं दिलं ना मघाशी."

मी असे काही बोलू शकतो हे मलाही माहीत नव्हते. वकील मोठ्याने हसले आणि त्यांनी मला पुढच्या गुरुवारी बोलावले. पुढे कित्येक वर्षे आम्ही गुरुवारी खेळलो. कर्ण हे नाव मात्र सुटले नाही.

रविवारी दुपारी मी कार्ड घेऊन बसलो. वसुबारसेला दोन आठवडे होते. बार्शीहून खामगावला कार्ड चार दिवसांत पोचे. आधी उशिराबद्दल क्षमा मागितली, लांबलचक, ती खोडली आणि एका ओळीत मागितली. मग लिहिले: "मुद्रितशोधक आहे हे खरे आहे. आपण लिहिलेली चूक झाली हेही खरे आहे. चाल बदलत नाही. आपण वजीर घेतल्यावर माझी तेविसावी चाल: घोड्याने शह." घोड्याचे घर लिहिले, सही केली. घड्याळात पाचला दहा कमी होते. चपला घातल्या आणि निघालो.

उंबऱ्यात थांबलो. का थांबलो ते माहीत नाही. कदाचित इतके दिवस प्रत्येक गोष्ट पलीकडून बघायची सवय लागली होती म्हणून. दारातल्या उजेडात मी कार्ड उलटे धरले, डोके खाली, आणि बोट ठेवून एकेक शब्द लावत गेलो. 'आपण वजीर घेतल्यावर' या शब्दांवर बोट अडले.

त्यांनी वजीर घेतला नव्हता. आपले उत्तर येईपर्यंत चाल करणार नाही, असे त्यांनी लिहिले होते. त्या वजीर घेतील, की घोडा पाहून आधी राजा हलवतील, की मला न सुचलेले तिसरेच काही करतील, हे खामगावात ठरायचे होते. मी पुन्हा त्यांची चाल त्यांच्या आधी करून मोकळा झालो होतो. घोड्याचा डावही त्यांच्या हातात आयता देत होतो. आणि पाचचे टपाल गाठायला निघालो होतो.

मी चपला काढल्या.

"टपाल चुकलं?" आतून वत्सलेने विचारले.

"जाऊ दे."

मी ते कार्ड फाडले. आयुष्यात पहिल्यांदा माझी चूक पेटीत पडायच्या आधी मला सापडली होती. पेटीच्या अलीकडे, माझ्याच उंबऱ्यात, माझी मला. मी वत्सलेला ते सांगायला स्वयंपाकघरात गेलो. नीट सांगता आले नाही. ती म्हणाली, "मग चहा टाकू का?" मी म्हटले, टाक.

दुसरे कार्ड चार ओळींचे झाले. नियमाप्रमाणे आधी त्यांची बाविसावी चाल उतरवली: उंट, पाचव्या घरात. वत्सलेकडून ती वाचून घेतली, तिने बोटांवर पाच मोजून मान हलवली. खाली लिहिले: "माझी बाविसावी चाल कळवल्याप्रमाणे. बदल नाही. आपली चाल कळवावी. येथे दसरा चांगला झाला." ते कार्ड मी रात्रभर शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडाखाली ठेवले, आत नव्हे, खाली, एक कड बाहेर दिसेल असे.

सकाळी छापखान्यात जाताना ते पुन्हा एकदा सुलटे वाचले, उलटे वाचले आणि लाल पेटीत टाकले. आत पडल्याचा आवाज आला. मी सवयीने तिथेच उभा राहिलो, छातीत धस्स होण्याची वाट पाहत. बराच वेळ उभा होतो. रस्त्याने दूधवाला गेला, शाळेच्या मुली गेल्या. काही झाले नाही. मग छापखान्याची वेळ झाली आणि मी निघालो.